सामाईक भिंत

१

रिटायर झाल्यापासून माझी दुपार स्वयंपाकघरात जाते. जेवणं झाली, मंजुषानं ओटा पुसला, की मी स्टुलावर बसतो आणि समोरच्या भिंतीला व्याख्यान देतो. खरं व्याख्यान असतं शनिवारी, वर्ध्याला, ज्येष्ठ नागरिकांच्या वाचन मंडळात. पण त्याची तालीम आठवडाभर इथे, नाचणगावात, आमच्या घरी. आयुष्यभर पुलगावच्या शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा समोर बसलेली पोरंही भिंतीसारखीच ऐकायची, त्यामुळे मला फारसा फरक वाटत नाही.

ही भिंत मात्र आमची एकट्याची नाही. मी आणि रूपरावांनी लेआउटमध्ये शेजारी-शेजारी प्लॉट घेतले, तेव्हा ते म्हणाले होते, "सर, दोन घरायले दोन भिंती कायले पायजेत? मधातली एकच बांधू. विटा वाचतीन." तशीच बांधली. इकडे आमचं स्वयंपाकघर, तिकडे त्यांची मोठी खोली. मंजुषानं मिरचीची फोडणी घातली की पलीकडे आनंदाबाई शिंकतात, आणि रूपराव रेडिओ लावतात तेव्हा बाजारभाव आम्हालाही कळतात. भिंतीला कान असतात ही म्हण आमच्या बाबतीत तक्रार नव्हती, सोय होती.

मी सुखी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पेन्शन वेळेवर येते, गुडघे अजून ऐकतात, आणि बायको माझ्यापेक्षा हुशार आहे. मंजुषानं त्याच शाळेत गणित शिकवलं. यंदा तर आमच्या सुखाला भरती आली होती, कारण ईरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमची एकुलती एक मुलगी. जावई शौनक पुण्याला. तो सकाळ-संध्याकाळ फोन करून ती काय जेवली ते विचारायचा, आणि ती त्याला रोज थोडं कमीच सांगायची.

रूपराव आणि आनंदाबाईंना मूलबाळ नाही. शेत आहे, बैलजोडी आहे, गाय आहे. ईरा अर्धी त्यांच्याच अंगणात वाढली. त्यामुळे ती आल्यापासून त्यांच्याकडून रोज एक पितळी वाटी येऊ लागली, यात नवल काहीच नव्हतं. पोटुशी पोरीचे डोहाळे शेजाऱ्यांनी पुरवायचे असतातच. आज घाट्यांची उसळ, उद्या पाटोड्या, परवा तुपात भिजलेली पुरणपोळी. वाटी धुऊन मंजुषा तिच्यात काहीतरी घालून परत पाठवायची. गुळाचा खडा, दोन लाडू, निदान मूठभर शेंगदाणे. आमच्या भागात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत.

एकदा ती वाटी धुताना मंजुषानं उलटी केली आणि मला दाखवली. बुडाला काळा अंगठा उमटला होता.

"डांबर दिसते," ती म्हणाली. "काऊन बरं?"

तिनं रॉकेलच्या बोळ्यानं तो पुसला, आणि मी व्याख्यानाकडे वळलो.

२

यंदाचा विषय मी हौसेनं निवडला होता. जगातले जलप्रलय. दिवस फाल्गुनाचे. आभाळ कोरं, वर्धा नदीत गुडघाभर पाणी, नळ एक दिवसाआड. अशा दिवसांत महापुराबद्दल बोलायला वेगळीच मजा येते.

"तर मंडळी," मी भिंतीला म्हणालो, "आपल्या मनूला सकाळी हात धुवायच्या पाण्यात एक इवलासा मासा सापडतो. मला सांभाळ, मी तुला सांभाळीन, असं तो म्हणतो. मासा वाढतो, पाणी चढतं, आणि मनूची नाव शिंगाला बांधून तो त्याला डोंगराशी नेतो. इकडे इराकात मातीच्या विटांवर लिहिलेली गोष्ट आहे. तिथल्या देवांनी शपथ घेतलेली, की प्रलयाचं माणसांना कळू द्यायचं नाही. एका देवाला राहवत नाही. पण शपथ तर मोडायची नाही. म्हणून तो माणसाशी बोलतच नाही. तो त्याच्या घराच्या कुडाच्या भिंतीशी बोलतो. पलीकडचा माणूस ते ऐकतो आणि नाव बांधायला घेतो."

"वकील होता वाटते देव," मंजुषा म्हणाली. ती तूर निवडत होती.

मी पुढे गेलो. नोहाला देव सरळच सांगतो. लाकूड कुठलं, लांबी-रुंदी किती, आतून-बाहेरून डांबर लाव, जनावरांच्या जोड्या घे. ग्रीकांकडे एक म्हातारं जोडपं पेटीत बसून वाचतं, आणि ओसाड पृथ्वीवर पाठीमागे दगड टाकत चालतं. त्या दगडांची माणसं होतात. "म्हणजे बघा, लोक वेगळे, देव वेगळे, पण सांगाडा एकच. कोणाला तरी आधी कळतं. तो नाव बांधतो. पाणी येतं. पाखरं सोडून जमीन शोधतात. आणि शेवटी प्रत्येक गोष्टीला एक मूल लागतं, नाहीतर वाचून उपयोग काय? नोहासोबत त्याच्या सुना असतात. मनू पाण्यात तूप-दही अर्पण करतो, तेव्हा त्यातून त्याला एक मुलगी मिळते."

आमच्या ईराचं नाव मी त्याच मुलीच्या नावाजवळचं निवडलं होतं. ईरा भिंतीला पाठ टेकून पाटावर बसली होती. तिला त्या भिंतीचा गारवा आवडायचा. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मले लहानपणापासून सांगून राह्यले." पुण्यात राहून तिची भाषा साफ झाली होती, पण नाचणगावात दोन दिवस काढले की मूळ पदावर यायची.

"आन् शेजारी?" मंजुषानं विचारलं.

"कोणते शेजारी?"

"नाववाल्याचे. दारात एवढी मोठी नाव बांधून राह्यला माणूस, तर शेजारच्यांनी विचारलं असन ना काही. त्यांचं काय झालं?"

मी गणिताच्या बाईंना उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला उत्तर आठवलं. इराकच्या गोष्टीत ते आहे. माणूस देवाला विचारतो, गावातल्या लोकांना काय सांगू? देव म्हणतो, सांग की तुमच्यावर समृद्धीचा पाऊस पडणार आहे. मग तो रोज त्यांच्यासाठी बोकड कापतो, सणासारखं जेवू घालतो, आणि लोक खुशीत असतात.

"म्हणजे खाऊ घालून बसवलं त्यायले," मंजुषा म्हणाली.

तेवढ्यात आनंदाबाई दारात आल्या. हातात वाटी. गोड भोपळ्याचे घारगे, अजून गरम.

मंजुषा आणि मी एकमेकांकडे बघून इतके हसलो, की आनंदाबाई बिचाऱ्या गोंधळल्या. ईरानं दोन घारगे तिथेच खाल्ले.

३

त्यानंतरच्या एका दुपारी मी जेवून हात धूत होतो. ईरा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"बाबा, आज आवाज एवढा खाली काऊन लावला?" ती म्हणाली. "नीट ऐकू नाई येत."

मी अजून बोलायला सुरुवातच केली नव्हती.

"तुमचं सुरू झालं की हे लाथा मारते," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "आतापण मारून राह्यलं."

मी नळ बंद केला. भिंतीतून खरंच आवाज येत होता. बोलण्याचाच, पण एकाचाच. खालच्या पट्टीतला, संथ, थांबून थांबून. गवंड्याला काम समजावून सांगताना मालक बोलतो तसा. मी कान लावला. शब्द नीट लागत नव्हते. 'आतून' असं काहीसं ऐकू आलं, मग 'बाह्यरून', मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा तेच. राग नव्हता त्यात, मायाही नव्हती. ज्याला सांगायचं त्याच्याकडे न बघता बोलावं तसं ते बोलणं होतं.

रेडिओ असेल. मी मनाशी हसलो, कान बाजूला केला आणि खिडकीतून पाहिलं. रूपराव आणि आनंदाबाई दोघंही समोर ओट्यावर उन्हात बसून हरभरा पाखडत होते. त्यांच्या घरात तिसरं माणूस नाही. रेडिओ रूपरावांच्या मांडीशी होता, बंद.

मी शिक्षक माणूस. एका दुपारच्या आवाजावरून मी राईचा पर्वत करणार नव्हतो. पण आता मी बघू लागलो, आणि बघायला लागल्यावर दिसतंच. त्यांच्या मोठ्या खोलीच्या खिडक्या विटांनी चिणल्या होत्या. मागच्या बाजूला डांबराचं पिंप होतं. बकरी होती, तिच्या जोडीला बोकड आला होता. कबुतरांची जोडी, मांजरांची जोडी. छपराच्या आढ्यावर दोन कावळे बसलेले असत, आणि कावळे असून ओरडत नव्हते.

सगळ्याचं उत्तर मला संध्याकाळी फिरताना सुचलं, आणि ते इतकं सोपं होतं की मी रस्त्यात थांबून स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. भिंत सामाईक. आठवडाभर मी तिला ओरडून प्रलय सांगतोय. पलीकडे भोळा शेतकरी माणूस. डांबर काय, जोड्या काय, खाऊ घालणं काय, सगळं त्यानं माझ्याच तोंडून ऐकलेलं! त्या बिचाऱ्याच्या भिंतीतून बोलणारा देव म्हणजे मीच होतो. मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. रूपरावांना दोन शब्द समजावून सांगायचे, की विषय संपला.

४

"रूपरावभाऊ, माझं व्याख्यान तुमच्या खोलीत ऐकू येतं का हो?"

ते ओट्यावर बसून दोर वळत होते. मी शेजारी टेकलो.

"येते ना. चांगलं सांगता तुमी. थे माशाचं मले लय आवडलं."

"अहो, पण त्या नुसत्या जुन्या गोष्टी आहेत. माणसं नदीकाठी राहायची, पूर यायचे, त्याच्या झाल्या गोष्टी. मनावर घ्यायचं नसतं."

"नाई ना बा. तुमच्यावरून नाई." त्यांनी दोराला पीळ दिला. "मी दिवाळीपासून लागलो कामाले. तुमी आत्ता सुरू केलं, सर."

मला दिवाळीतलं आठवलं. त्यांच्याकडे सुताराचा ठोक ठोक आवाज यायचा, आणि आम्ही म्हणायचो, रूपराव माळा बांधताहेत वाटतं.

"मग सांगितलं कोणी?"

रूपरावांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, झोप नसलेल्या माणसाचे. त्यांनी हात उचलून आमच्या दोघांच्या भिंतीकडे केला, इतक्या साधेपणानं, जसं पोस्टमननं सांगितलं म्हणावं.

"तुमच्या बाजूनं बोलते थे," ते म्हणाले. "आमाले पह्यले वाटलं, सरच आहेत."

"आमच्याकडून तर वाटतं, तुमच्या बाजूनं बोलतंय."

"असन मंग." ते पुन्हा दोराकडे वळले. "मधातच असन."

त्या विटांच्या मध्ये काही मावेल एवढी जागा नाही. ती बांधताना मी स्वतः उभा होतो.

मग ते एकदम हसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "यंदा पाऊसपानी लय चांगलं होईन, सर. सगळ्यायचं भलं होईन. रविवारी आपल्या लेआउटले जेवण ठेवलं. सगळे या."

त्या गुडघ्यावर डांबराचा पंजा उमटला. मंजुषानं पायजमा घासून धुतला, पण तो शेवटपर्यंत निघाला नाही.

५

पंगत फार सुंदर झाली. खोटं कशाला बोलू? वांग्याची भाजी, वरणभात, तुपाची धार, बुंदी. पन्नाशीतले लोकही पोरांसारखे मागून मागून खात होते. कारण काय, कोणी विचारलं नाही. रूपराव प्रत्येकाच्या पानाशी वाकून वाढत होते. वाढताना प्रत्येकाचा चेहरा ते जरा जास्तच वेळ बघायचे. आनंदाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, धुरामुळे.

दुसऱ्या दिवशी उरलेली बुंदी वाटीतून घरी आली. वाटी परत करायला मीच गेलो. मंजुषानं तिच्यात चिवडा घातला होता. खरं सांगतो, मला आत बघायचं होतं.

दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

रूपरावांची मोठी खोली मी शंभरदा पाहिलेली आहे. दोन दिवाण, कपाट, देवघर, कापसाची थप्पी. बाहेरून तिची लांबी आमच्या स्वयंपाकघराएवढीच. पण दारातून जो अंधार दिसला, तो तेवढा नव्हता. तो खाली जात होता. उजेड जेवढा आत गेला तेवढ्यात काळ्या चकचकीत भिंती दिसल्या, वाकलेल्या, आणि त्यांना आतून लाकडी फासळ्या. त्यापलीकडे श्वास ऐकू येत होते. एका गायीचे किंवा बकरीचे नव्हेत. खूप. लहान, मोठे, सगळे एका लयीत आत-बाहेर, शहाण्यासारखे वाट बघणारे. खालून, खूप खालून, दोन डोळे वर आले, आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन.

रूपराव मध्ये आले. त्यांनी दार ओढून घेतलं आणि माझे दोन्ही हात धरले. ते रडत होते.

"तुमी नका येऊ, सर. जागा नाई. मी लय विचारलं. सर माझे भावासारखे आहेत म्हटलं, मंजूबाई आहेत म्हटलं. नाईच म्हनते."

त्यांच्यामागून आनंदाबाई पुढे आल्या. त्यांनी चिवड्याची वाटी घेतली, तशीच छातीशी धरली.

"ईराले पाठवजा," त्या म्हणाल्या. "उद्या मी शेवटची वाटी पाठवतो. परत द्याले तिलेच येऊ द्या. आमाले दोघायले लेकरू नाई, सर. दगडाचे मानसं आमच्यानं नाई होनार."

ती ग्रीकांची गोष्ट होती. ती मी भिंतीला सांगितली होती.

६

घरी आल्यावर मी मंजुषाला सगळं सांगितलं. ती हसेल, निदान चिडेल, म्हणेल की तुमच्या वयाला हे शोभत नाही, अशी माझी खात्री होती. ईरा आतल्या खोलीत शौनकशी फोनवर बोलत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं.

मंजुषा म्हणाली, "मीपण ऐकते थे. संक्रांतीपासून."

"काय?"

"तुम्ही पेपर आणाले जाता तेव्हा. मापं सांगते. एवढं लांब, एवढं रुंद. मी डोक्यात गुणाकार करून पाह्यला. खोली नाई ती, अहो. मापं खोलीची नाईत." तिनं पदरानं स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. "शेवटी नावं घेते. त्यात आपल्या दोघांची नाईत. ईराचं आहे."

"तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही एवढे खुशीत होते व्याख्यानाच्या."

आम्ही दोघं स्टुलावर आणि पाटावर बसलो. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या पळसाला आग लागल्यासारखी फुलं आली होती. मी माझ्या बुद्धीला शेवटचं कामाला लावलं. म्हटलं, दोन म्हातारी माणसं, मूल नसल्याचं दुःख, त्यात माझ्या गोष्टी, त्यात उन्हाचा ताव. डोळ्यांना अंधारात काय, काहीही दिसतं. आवाजाचं म्हणशील, तर शेजारच्या कोणाच्या पंपाचा असेल. जगबुडी आणि नाचणगाव, हा बादरायण संबंध म्हणजे हद्द झाली. पुरात बुडायला आधी पाणी लागतं, आणि आपल्या नळाला ते आता परवाच येणार आहे.

मंजुषानं सगळं शांतपणे ऐकलं. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर पूर्ण होऊ द्यायची तिची जुनी पद्धत.

"तुमचं बरोबर निघालं, तर काय होईन?" ती म्हणाली. "पोरगी शेजारी वाटी देऊन घरी येईन. एवढंच. आन् त्यांचं बरोबर निघालं, आन् आपण तिले इथंच ठेवलं, तर?"

मी भिंतीकडे पाहिलं.

"मंग यात विचार कराचं काय आहे?" ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. मीही रडलो. बरंच रडलो. रडून झाल्यावर मला जे वाटलं ते मी लपवत नाही: मला हलकं वाटलं. आयुष्यभर प्रलयाच्या गोष्टी मी नावेत बसून ऐकल्या होत्या. सगळेच तसे ऐकतात. शेजारच्या घरात बसून ऐकणारा मी पहिलाच असेन, आणि तिथेही एक काम होतं, करण्यासारखं.

"तिले सांगायचं नाई," मंजुषा म्हणाली. "सांगितलं तर जाणार नाई."

७

दुसऱ्या दिवशी वाटी आली ती बासुंदीची. ईरानं एकटीनं संपवली. आम्ही तिच्याकडे बघत बसलो, तर म्हणाली, "काय पाहून राह्यले तुम्ही दोघं? नजर लावता काय मले?"

मंजुषानं वाटी घासली. फार वेळ घासली. मग तिच्यात तांदूळ भरले, वर हळकुंड, सुपारी आणि एक खारीक ठेवली. त्यातलंच घेऊन ईराची ओटीही भरली, उभ्या उभ्या.

"हे काय मधातच?"

"आज दिवस चांगला आहे. जा, वाटी देऊन ये काकूंना. मधात बसू नको कुठं."

"एवढ्याशा वाटीसाठी मी? बाबा रिकामेच बसले आहेत."

"बाबांची तालीम आहे," मी म्हणालो. आवाज नीट निघाला. शिक्षकाचा गळा उपयोगी पडतो.

ईरानं चपला घातल्या. पायांवर सूज होती, म्हणून अंगठ्यातच अडकवल्या. फोन टेबलावरच राहिला. मी सांगितलं नाही, आणि मंजुषानंही नाही. तिच्या केसाची एक बट कानामागे सरकवून मंजुषा म्हणाली, "नीट." एवढंच. ईरा वाटी दोन्ही हातांत धरून फाटकाशी गेली, वळली, म्हणाली, "येते हं," आणि पलीकडच्या अंगणात वळली. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत.

मी खिडकीतून बघत होतो. दार उघडं होतं. आत, बरंच आत आणि बरंच खाली, रूपराव आणि आनंदाबाई हात पुढे करून उभे दिसले. ईरानं उंबरा ओलांडला. बाहेर अंगणात कोणी नव्हतं. ऊन होतं, तुळस होती, पाखडलेल्या हरभऱ्याचा भुसा होता. मग दार लागलं. आणि बाहेरची कडी, जी नेहमी खाली लोंबत असते, ती वर उचलली गेली, हळूच, झोपलेल्या घराला जाग येऊ नये अशी, आणि कोयंड्यात बसली.

नोहाच्या गोष्टीत दार बाहेरून लावलेलं आहे. देवानं लावलं, असंही दिलेलं आहे. त्या वाक्यावर मी कधी थांबलो नव्हतो.

मी खिडकीपासून वळलो तेव्हा मंजुषानं पाट भिंतीशी ओढला होता. चहा टाकला होता. ईराचा फोन टेबलावर वाजत होता, शौनकचं नाव दिसत होतं. ती काय जेवली ते विचारायला. तो वाजून थांबला. आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो, ईरा बसायची तसे, कप हातात धरून. भिंत गार होती. तो संथ आवाज आता नव्हता. बराच वेळ काहीच नव्हतं. त्या शांततेत मला इतकं बरं वाटत होतं, की मी मंजुषाला तसं सांगितलं, आणि ती म्हणाली, "मलेपण."

मग पलीकडून ईराचा आवाज आला. तिचाच. पण जरा जाडसर, वय झालेल्या बाईचा. आणि ती कोणाशी तरी बोलत होती.

"...मंग मोठं पानी आलं," ती सांगत होती.

"आन् शेजारी?" एका लहान पोरानं विचारलं. स्पष्ट, हट्टी आवाज. लाथा मारणाऱ्याचा.

"शेजारी होते ना. एक सर होते, थे भिंतीले गोष्टी सांगत. आन् एक बाई होती, तिले गणित येत होतं. लय चांगले होते. त्यायच्याकडं वाटी जाय रोज. आन् थे काही वाटी रिकामी परत करत नसत."

"मंग शेवटच्या वाटीत काय घालून देल्लं?"

मंजुषानं कप खाली ठेवला आणि माझा हात धरला.

"मले," ईरा म्हणाली.

पोराला ते पटलेलं दिसलं, कारण ते म्हणालं, मंग सांग पुढचं. आणि ती सांगते आहे. बाहेर ऊन तसंच आहे. पायाखालची फरशी मघापासून ओली लागते आहे, आणि आज आमच्या नळाचा दिवस नाही. आम्ही पाय वर घेतले आहेत, आणि पुढचं ऐकतो आहोत.